आडवी बाटली, उभी बाटली

वायनरीत गेलात की ग्लासच्या आधी हातात एक कार्ड येतं. जाड कागद, त्यावर पाच-सहा वाइनची नावं आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी. त्या ओळींत फळं असतात, फुलं असतात, एखादा मसाला असतो, क्वचित लाकूड आणि धूरही असतो. याला टेस्टिंग नोट म्हणतात. हा लेख वाइनबद्दल कमी आणि या दोन ओळींबद्दल जास्त आहे. कारण माझ्या लेखी तो एक लेखनप्रकार आहे. महाराष्ट्रात तो गेली वीसेक वर्षं छापला जातोय, हजारो लोक तो दर शनिवार-रविवारी वाचतात, आणि तरी त्याच्याकडे मजकूर म्हणून आपण बघत नाही.

मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. फेब्रुवारीतल्या एका वीकेंडला आम्ही चौघं गावाकडून निघालो आणि दोंडाईचा, धुळे, मालेगाव, चांदवड करत नाशिक गाठलं. दोन दिवसांत चार छोट्या वायनरी पाहिल्या. त्यांची नावं देत नाही, कारण मुद्दा कुणा एकीचा नाहीच. चारही ठिकाणची कार्डं एकमेकांत बदलून ठेवली असती, तर आमच्या लक्षातही आलं नसतं. गाडी चालवायला माझा मामेभाऊ होता. त्याच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे परतीच्या ड्रायव्हरची चिंता नव्हती. तो एक थेंबही प्यायला नाही. "वासाला बंदी नाही ना?" एवढं विचारून त्यानं प्रत्येक ग्लास नाकाशी मात्र धरला.

आता कार्ड वाचू. सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या वर्णनात जगभर एक शब्द हमखास येतो: गूजबेरी. आपल्याकडे वाचणारा मनात लगेच भाषांतर करतो, आवळा. शाळेपासून आपण आवळ्याला इंग्रजीत 'इंडियन गूजबेरी' म्हणत आलोय. पण युरोपातली गूजबेरी वेगळ्या कुळातलं वेगळं फळ आहे. आवळ्याचा तुरटपणा, त्यावर पाणी प्यायलं की येणारी गोडी, यातलं काही त्यात नाही. म्हणजे वाचक ग्लासमध्ये जे शोधतो ते लिहिणाऱ्याला म्हणायचंच नव्हतं.

लाल वाइनकडे आलो की ब्लॅककरंट. हा शब्द आपल्याला कुठून माहीत आहे? आइस्क्रीमवरून. जांभळा रंग आणि मधेमधे काळे मनुके. ताजं ब्लॅककरंट आपल्यापैकी फार थोड्यांनी खाल्लं असेल. तरी कार्ड वाचून ग्लास फिरवल्यावर आपण मान डोलावतो, "हो, येतोय." काय येतोय? आइस्क्रीमची आठवण येतेय.

यात वाइन बनवणाऱ्यांची फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. हे शब्द हवेतून आलेले नाहीत. १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांनी वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मधल्या वर्तुळात ढोबळ वास आणि बाहेर जावं तसे नेमके: फळ, मग आंबट फळ, मग लिंबू. 'उमदी', 'देखणी', 'खानदानी' असल्या विशेषणांनी वाइनबद्दल काहीच कळत नाही, म्हणून त्यांना ठोस शब्द हवे होते. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक शब्दासोबत तो वास घरी कसा तयार करायचा याची कृतीही होती. साध्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा टाकून ठेवा, लवंग टाका, लिंबाची साल टाका, मग वास घ्या. शब्द आधी बरणीत, मग ग्लासमध्ये.

म्हणजे चवीच्या शब्दाची कसोटी सोपी आहे: वाचणाऱ्याच्या घरात त्या शब्दाची बरणी आहे का? आपण शब्द आयात केले आणि बरण्या तिकडेच राहिल्या. आमच्या धंद्यात एखादं अ‍ॅप दुसऱ्या देशात नेताना नुसते शब्द बदलून भागत नाही. तारीख कशी लिहितात, नाव कसं लिहितात, लोक काय गृहीत धरतात, सगळं बदलावं लागतं. टेस्टिंग कार्डाच्या बाबतीत हे काम झालेलंच नाही.

बरण्या आपल्याकडे नाहीत असं थोडंच आहे! सोव्हिन्यो ब्लाँ आणि काबर्ने या दोन्ही द्राक्षांत पायराझीन नावाच्या गटातली द्रव्यं असतात. ढोबळी मिरचीचा वास याच गटातल्या द्रव्यांमुळे येतो. शिराझमध्ये जो तिखट वास येतो त्यामागचं रोटंडोन हे द्रव्य काळ्या मिरीतही असतं. नंदुरबारकडच्या माणसाला मिरचीच्या वासाबद्दल शिकवणी लागत नाही. हंगामात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, जमीन दिसेनाशी होते, आणि एसटीच्या खिडकीतूनच कळतं की माल ओला आहे की वाळत आलाय. माझ्या माळकरी भावानं एक काबर्ने नाकाशी धरली आणि म्हणाला, "देठ मोडल्यासारखं वाटतंय." कार्डावर त्या वाइनखाली दोन परदेशी फळं होती. माझ्या मते त्या दिवशीची सर्वात अचूक टेस्टिंग नोट न पिणाऱ्यानं दिली.

दुसरी नोट माझ्या इंजिनिअरिंगच्या मित्राची. तो धडगावकडचा, पावरा. शेवटच्या वायनरीत गोड वाइन आली. द्राक्षं वेलीवर उशिरापर्यंत ठेवायची, साखर वाढू द्यायची, आणि मग त्यांची ही वाइन करायची. त्यानं वास घेतला, थांबला, परत घेतला. मग म्हणाला, "हा तर वाळलेला मोह." कार्डावर मध आणि जर्दाळू लिहिलं होतं. ते चूक नव्हतं. पण मोह ज्यानं चाखलाय त्याला कळेल की मित्राचा शब्द जास्त जवळचा होता. मोहाचं ताजं फूल मांसल, फिकट, रसानं भरलेलं असतं. वाळलं की ते तांबूस होतं, मनुक्यासारखं आकसतं, आणि त्याला मधाच्या पलीकडचा, थोडा आंबूस, जड वास येतो.

इथून हा लेख वाइनच्या कार्डापुरता राहत नाही. कारण मोहालाही स्वतःचं कार्ड असू शकलं असतं.

नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये वायनरीत येतात. ती संपत आली की सातपुड्यात मोह गळायला लागतो. होळीच्या आसपास, पहाटेच्या अंधारात फुलं पडतात आणि ऊन चढायच्या आत बायका-पोरं ती टोपल्यांत वेचतात. वाळवलेली फुलं भिजत घालतात, ती आंबतात, मग मडक्यावर मडकं ठेवून वाफ गार करून दारू गाळतात. देवाला, पुरखांना तिची धार आधी जमिनीवर सोडायची, मग माणसांनी प्यायची. जन्म, लग्न, मरण, कुठलाही विधी तिच्याशिवाय पुरा होत नाही, अशी अनेक आदिवासी घरांची रीत आहे. कुठल्या झाडाची फुलं गोड, कुठली कडवट, पहिल्या धारेची दारू कशी आणि शेवटची कशी, हे तिथली म्हातारी माणसं वास घेऊन सांगतात. हे टेस्टिंगच आहे. फक्त ते कधी छापलं गेलं नाही.

छापलं गेलं ते दुसरंच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळण्याचा हक्क गावाकडून काढून सरकारी परवान्याखाली नेला. १८९२ मध्ये मुंबई सरकारनं मोहाच्या कायद्यानं दारूच्याही मागे जाऊन थेट फुलांवर निर्बंध आणले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांसाठी वेगळी कलमं आली. मोहाबद्दल शंभरेक वर्षं जो अधिकृत मजकूर लिहिला गेला त्यात 'ताबा', 'वाहतूक', 'जप्ती', 'हातभट्टी' हे शब्द आहेत. चवीचा एकही शब्द नाही. महाराष्ट्रात फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ उजाडावं लागलं. परवान्याशिवाय गाळणं अजूनही गुन्हाच.

वाइनचा मजकूर मात्र दुसऱ्या खात्यात लिहिला गेला. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढले. धोरणाच्या नावात दारूचा शब्दही नाही. त्यात द्राक्ष आहे, प्रक्रिया आहे, उद्योग आहे. २०१० मध्ये नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू द्यायचं ठरवलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, निर्णय अंमलात आला नाही, पण तो वाद आठवून पाहा: वाइन म्हणजे दारू की नाही? दारूबद्दलचा वाद आपण एका शब्दावर खेळलो. एका पेयाला शेतीची भाषा मिळाली आणि दुसऱ्याला पोलीस चौकीची. टेस्टिंग कार्ड हे त्या पहिल्या भाषेचं सगळ्यात गोंडस पान आहे.

इथवर आल्यावर एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो: मोहालाही कार्ड द्या, म्हणजे न्याय होईल. त्या दिशेनं पावलंही पडली आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवर, नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशानं अलीराजपूरच्या आदिवासी बचतगटांना मोहाची 'हेरिटेज लिकर' बनवू दिली. मला ते आवडलं. पण मी जिथून येतो तिथे गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

कारण दारूची सगळ्यात कडक समीक्षाही याच पट्ट्यातून आली आहे. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत आणि त्याला लागून असलेल्या डोंगरी भागात 'देवी' अंगात येऊ लागली आणि आदिवासींना दारू सोडायला सांगू लागली. गुत्तेदार-सावकाराच्या पकडीतून सुटण्याची ती वाट होती. १९३०च्या दशकात तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडा असं सांगितलं आणि एकमेकांना 'आप' म्हणा असंही सांगितलं. ज्यांना बाकीचे अरे-तुरे करायचे त्यांनी आपसात 'आप' म्हणायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायका गावोगाव फिरल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. मजुरी दारूत जाते आणि मार आपल्या पाठीवर पडतो, हे त्यांना कुणी बाहेरून येऊन शिकवलं नव्हतं. या बायकांना मोहाची चव कळत नव्हती असं कोण म्हणेल? फुलं त्यांनीच वेचली होती.

पुढे महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदानाचा नियम आला. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. मराठीत दारूबद्दल लिहिलेलं यापेक्षा नेमकं काही मला माहीत नाही. एकही विशेषण नाही, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळतं.

वायनरीच्या तळघरातही बाटल्या आडव्याच असतात. बूच ओलं राहावं, हवा आत शिरू नये म्हणून. गाइड हे सांगतो तेव्हा सगळे फोटो काढतात. माझा धडगावचा मित्र हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे आडवी केली की संपतं." गाइडला त्यात विनोद काय ते कळलं नाही. त्याचा दोष नाही. त्याच्या हातातल्या कार्डात तो अर्थ यायला जागाच नव्हती.

माझी तक्रार हीच आहे. टेस्टिंग कार्ड खोटं नाही, अपुरं आहे. ते जिभेबद्दल बोलतं, पण जीभ कुणाची हे विचारत नाही. कायद्याचा मजकूर याच्या उलट: त्याला माणूस दिसतो तो फक्त आरोपी म्हणून, आणि त्या माणसाला जीभ आहे हे तो मानत नाही. चांगली समीक्षा या दोन्ही गोष्टी एका पानावर आणू शकते. पुस्तकाबद्दल लिहिताना आपण भाषा कशी आहे हेही सांगतो आणि ती कुणाच्या बाजूनं बोलते हेही. पेयाबद्दल का नाही?

मला वाचायला आवडेल असं मराठी कार्ड तीन ओळींचं असेल. पहिल्या ओळीत वास: मिरचीचं मोडलेलं देठ, पिकत आलेला पेरू, वाळलेला मोह, ज्याच्या बरण्या वाचणाऱ्याच्या घरात आहेत तेच शब्द. दुसऱ्या ओळीत हात: द्राक्षं कुणी तोडली, फुलं कुणी वेचली, दिवसाला काय मिळालं. तिसऱ्या ओळीत ती दोन चित्रं, उभी आणि आडवी. पिणाऱ्यानं कुठल्यावर शिक्का मारावा हे कार्डानं सांगू नये. पण ग्लास उचलण्याआधी दोन्ही चित्रं त्याला दिसलेली असावीत.