ग्रंथपाल ते ज्ञानस्रोत केंद्र : मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयव्यवस्थेतील बदलांची एक चिकित्सा

गोषवारा

विद्यापीठ ग्रंथालयातील बदलांचा विचार बहुधा इमारत, संगणक, ई-नियतकालिके आणि खर्च यांच्या आधारे केला जातो. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांचा विचार त्यात अभावानेच आढळतो. प्रस्तुत निबंधात मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इतिहास, संगणकीकरणानंतरची मराठी ग्रंथांची नोंद आणि मूल्यमापनाचे निकष यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, संग्रह जाणणाऱ्या माणसाचे काम यंत्राने संपलेले नाही, उलट ते वाढले आहे. त्याचप्रमाणे ग्रंथालयापासून दुरावलेल्या प्राध्यापकवर्गाची जबाबदारीही येथे तपासली आहे.

बीजशब्द : विद्यापीठ ग्रंथालय, ग्रंथपाल, ग्रंथसूची, संगणकीय तालिका, मराठी ग्रंथनोंद, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ मध्ये 'ग्रंथपाल' हा शब्द होता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये त्याच्या जागी 'संचालक, ज्ञानस्रोत केंद्र' असा शब्दप्रयोग आला. वरवर पाहता हा केवळ पदनामातील बदल आहे. ग्रंथालयात आता केवळ ग्रंथ नसतात, ध्वनिफिती, चित्रफिती, आधारसामग्री, ई-ग्रंथ असे बरेच काही असते, तेव्हा अधिक व्यापक नाव हवे, हे समर्थनही योग्यच आहे. तथापि 'ग्रंथपाल' या शब्दातील 'पाल' म्हणजे सांभाळणारा माणूस. नव्या शब्दात संचालक आहे आणि केंद्र आहे, सांभाळणारा नाही. शब्द बदलल्याने माणूस नाहीसा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु माणूस आधीच दृष्टीआड होऊ लागला होता आणि शब्दाने त्याची नोंद घेतली, असे म्हणण्यास मात्र जागा आहे.

उपनगरातील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. अंधेरी-बोरिवलीचा विद्यार्थी पश्चिम रेल्वेने सांताक्रूझला उतरतो, मुलुंड-घाटकोपरचा मध्य रेल्वेने कुर्ल्याला उतरतो, आणि तेथून बसने किंवा रिक्षाने कालिन्याच्या विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात पोहोचतो. पुष्कळदा तो घरातला पहिलाच पदव्युत्तर विद्यार्थी असतो. काय मागावे हेच त्याला नेमके ठाऊक नसते. त्याच्यासमोर कोण असते, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

२. वास्तू दात्याची, संग्रह अभ्यासकांचा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि पुढे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार उभा राहिलेला हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. २०१८ साली फोर्ट परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यात या वास्तूचाही समावेश आहे. विद्यापीठ ग्रंथालयाविषयीचे बहुतेक मराठी लेखन येथपर्यंत येते आणि थांबते. मनोऱ्याची उंची सांगितली जाते, रंगीत काचांचे वर्णन येते. ग्रंथालयाचे खरे बांधकाम मात्र त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिले आणि ते दगडाचे नव्हते.

१९३५ साली प्रा. शेख अब्दुल कादिर-ए-सर्फराज यांनी विद्यापीठ ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची सिद्ध केली. १९४४ साली प्रा. गो. वि. देवस्थळी यांची संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली. भगवतसिंहजी संग्रह व ह. म. भडकमकर स्मारक संग्रह यांतील पोथ्यांची नोंद तीत आहे. विद्यापीठाचे ग्रंथपाल दा. न. मार्शल यांनी मोगलकालीन साधनांची विस्तृत सूची १९६७ साली ग्रंथरूपाने प्रकाशित केली.

या तीन कामांकडे एकत्र पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पोथी ग्रंथालयात असणे आणि ती अभ्यासकाला उपलब्ध असणे या भिन्न गोष्टी आहेत. पोथी उघडून, पाने मोजून, आरंभ-अंत उतरवून, कर्ता व काळ ठरवून कोणीतरी तिची नोंद केल्यावाचून ती असून नसल्यासारखी असते. दुसरी, हे काम एकट्या ग्रंथपालाने केलेले नाही. अध्यापक ग्रंथालयात बसत होते आणि ग्रंथपाल स्वतः संशोधक होते. या दोहोंमधील सीमारेषा पुसट होती, आणि ती पुसट असल्यामुळेच संग्रह उपयोगात आला.

विद्यापीठाबाहेरचे उदाहरणही येथे आठवते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडाची सूची तयार केली. मुद्रित मराठी ग्रंथाविषयी शंका आली की आजही प्रथम 'दाते सूची' उघडावी लागते. एका माणसाच्या चिकाटीवर एका भाषेचे संशोधन किती काळ उभे राहू शकते, याचा हा पुरावा होय.

३. संगणकीकरण : लाभाची नोंद

बदलांविषयी तक्रार करण्यापूर्वी त्यांचे ऋण मान्य करणे न्यायाचे ठरेल. १९९१ साली पुण्याच्या आयुका या संस्थेच्या छायेत इन्फ्लिबनेट हा उपक्रम सुरू झाला आणि १९९६ साली ते स्वतंत्र केंद्र बनले. 'सोल' ही संगणक प्रणाली, २०१० पासून महाविद्यालयांना ई-साधने पुरविणारी 'एन-लिस्ट' योजना आणि प्रबंधांचे भांडार असलेली 'शोधगंगा' हे सर्व त्या प्रयत्नांचे फलित आहे. एके काळी नागपूर वा औरंगाबादच्या विद्यापीठातील प्रबंध पाहण्यासाठी मुलुंडच्या अध्यापकाला रजा काढून प्रवास करावा लागे. आज तो प्रबंध घरबसल्या उघडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मान्यता दिली. सुमारे १३,००० ई-नियतकालिके, ३० प्रकाशक आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये असा तिचा विस्तार आहे.

प्रश्न या लाभाच्या वाटपाचा आहे. ही नियतकालिके प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची व इंग्रजी भाषेतील आहेत. रसायनशास्त्राच्या संशोधकाला त्यांचा जेवढा उपयोग, तेवढा मराठी, इतिहास किंवा लोकसाहित्याच्या संशोधकाला नाही. त्याची साधने कपाटातच आहेत, आणि कपाटापर्यंत जाण्याची वाट आता संगणकीय तालिकेतून जाते.

४. 'ज्ञ' कोठे शोधावा?

ही वाट मराठी वाचकासाठी कशी आहे, हे तपासणे उद्बोधक ठरते. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात अनेक ग्रंथालयांनी मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या. 'ज्ञानेश्वरी'तील 'ज्ञ' कोणी 'डी' अक्षराने सुरू केला, कोणी 'जे'ने, तर कोणी 'जी'ने. 'ळ' आणि 'ल' यांतील भेद लोपला. एकच आडनाव दोन-तीन वर्णलेखनांत विभागले गेले. काही ठिकाणी देवनागरी नोंदी झाल्या, पण त्या त्या काळातील खासगी फॉन्टमध्ये; प्रणाली बदलताच त्यांची निरर्थक चिन्हे झाली. पुढे युनिकोड आले, परंतु जुन्या नोंदी दुरुस्त करण्यास हात हवे होते आणि ते उपलब्ध नव्हते.

याहून गंभीर उणीव टोपणनावांच्या बाबतीत दिसते. कार्डतालिकेत 'पाहा' असा निर्देश देणारे कार्ड असे. कुसुमाग्रज या नावावर बोट ठेवले की 'शिरवाडकर, वि. वा. पाहा' असे सांगणारे कार्ड तेथे मिळे. कविता एका नावाने आणि 'नटसम्राट' दुसऱ्या नावाने, हे ते कार्ड लिहिणाऱ्याला ठाऊक होते. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ग्रेस आणि माणिक गोडघाटे यांना एकत्र बांधणारा धागा हा वाचन असलेल्या माणसाने विणलेला होता. संगणकालाही असा धागा देता येतो, त्यासाठीची सोय प्रणालींमध्ये आहे. मात्र तो कोणीतरी द्यावा लागतो. कार्डे गोण्यांत भरताना त्यांवरील 'पाहा' निर्देश संगणकात उतरले की नाही, हे अनेक ठिकाणी तपासलेच गेले नाही.

परिणामी संगणक 'नोंद आढळत नाही' असे सांगतो आणि विद्यार्थी 'पुस्तक नाही' असे समजून परततो. हे दोन्ही एकच नव्हे, हे सांगणारा माणूस तेथे नसेल तर ग्रंथ कपाटात राहतो आणि संशोधन अपुरे राहते. वाचकाचा वेळ वाचवावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, या रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रांचा भंग येथे अत्यंत आधुनिक साधनांच्या साहाय्याने होतो.

५. मोजले काय, राहिले काय

हे का घडले? एक कारण मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात महाविद्यालयीन ग्रंथालयाविषयी भर होता तो संगणकीकरणावर, ई-साधनांच्या वर्गणीवर, वार्षिक खर्चावर आणि दैनंदिन उपयोगाच्या संख्येवर. यांपैकी कोणताही प्रश्न अनाठायी नाही. तथापि ग्रंथालयात संग्रह जाणणारी माणसे किती, त्यांतील किती कायम पदावर आहेत, निवृत्त होणाऱ्याची माहिती पुढच्याकडे कशी पोहोचते, या प्रश्नांना त्यात ठळक स्थान नव्हते. जे विचारले जाते तेच संस्था जपते. प्रवेशद्वारावरील यंत्र किती जण आत आले हे अचूक सांगते. त्यांतील किती जण रिकाम्या हातांनी परतले, हे सांगत नाही. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकेतर पदे दीर्घकाळ रिक्त राहणे आता कोणाला नवलाचे वाटत नाही, ही बाब याच दृष्टीचा परिपाक आहे.

६. काउंटरमागची माणसे

येथे एका अनुभवाचा उल्लेख अस्थानी ठरू नये. एम्.फिल्. करीत असताना प्रस्तुत लेखिका एका ग्रंथालयात नियमित जात असे. (ही पदवीही २०२२ च्या नियमावलीने बंद झाली.) तेथील परिचर काका फार शिकलेले नव्हते. मागणी चिठ्ठीवरील ग्रंथ आणताना ते कधीकधी न मागितलेला आणखी एक ग्रंथ टेबलावर ठेवीत आणि म्हणत, "ताई, हेही बघून घ्या, मागे एक सर हे दोन्ही सोबत घ्यायचे." त्या शिफारशीत शास्त्र नव्हते, स्मरण होते. लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा अर्धा भाग अशा न मागितलेल्या ग्रंथांवर उभा राहिला. काका निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. त्यांना काय ठाऊक होते, हे कोणी विचारून लिहून ठेवले नाही, लेखिकेनेही नाही.

तरीही या स्मृतीचे उदात्तीकरण करणे योग्य नव्हे. एका माणसाच्या स्मरणावर चालणाऱ्या व्यवस्थेत ओळखीच्या वाचकाला ग्रंथ लवकर मिळतो आणि अनोळखी वाचक ताटकळतो. बंद कपाटांच्या काळात काउंटर ही कित्येकांना भिंत वाटली असेल, विशेषतः ज्यांना मोठ्याने विचारण्याचा संकोच होता त्यांना. संगणकाने ही भिंत काही अंशी पाडली, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. म्हणून माणूस हवा की यंत्र, असा पर्यायच चुकीचा आहे. माणसाचे स्मरण यंत्रात उतरावे आणि यंत्राची उणीव माणसाने भरून काढावी, असा हा परस्परसंबंध आहे. आपल्याकडे यंत्र आले ते माणसाच्या मदतीला नव्हे, त्याच्या जागी. दोष येथे आहे.

७. अध्यापकाचे उत्तरदायित्व

ग्रंथपालांना व प्रशासनाला दोष देऊन हा निबंध संपविणे सोपे होते. परंतु सर्फराज आणि देवस्थळी हे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपणास गप्प बसू देत नाही. आज आपण ग्रंथालयाकडे वर्षातून एकदा ग्रंथखरेदीची यादी पाठवितो आणि मूल्यांकनाच्या वेळी आकडे मागवितो. मराठीच्या किती अध्यापकांनी आपल्या महाविद्यालयाच्या तालिकेत मराठी नोंदी कशा आहेत, हे उघडून पाहिले आहे?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. भाषाविषयाच्या अध्यापकाने आठवड्यातून एक तास ग्रंथालयात बसून टोपणनावांचे व वर्णलेखनाचे निर्देश दुरुस्त करण्यास साहाय्य करावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका लेखकाच्या नोंदी दाते सूचीशी ताडून पाहण्यास द्याव्यात. निवृत्त होणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्याशी सविस्तर संभाषण करून ते लिहून ठेवावे. वाचकाला न मिळालेल्या ग्रंथांची वही काउंटरवर असावी आणि ती दरमहा वाचली जावी.

८. निष्कर्ष

(१) मुंबई विद्यापीठ ग्रंथालयाचे वैभव वास्तूइतकेच किंवा त्याहून अधिक सूचीकार, ग्रंथपाल व अध्यापक यांच्या श्रमांतून निर्माण झाले आहे. (२) संगणकीकरणाचा लाभ निर्विवाद असला, तरी मराठी ग्रंथांच्या बाबतीत ते अपुरे राहिले. ही अपूर्तता तांत्रिक नसून मनुष्यबळाची आहे. (३) मूल्यमापनाच्या निकषांत माणसांना स्थान मिळाल्यावाचून रिक्त पदांचा प्रश्न कोणालाही निकडीचा वाटणार नाही. (४) अध्यापकवर्गाने ग्रंथालयाशी असलेले जुने नाते पुन्हा जोडणे आवश्यक आहे.

ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हणण्यास हरकत नाही. मात्र कुर्ल्याहून रिक्षाने आलेली विद्यार्थिनी पडद्यावर 'नोंद आढळत नाही' हे वाचून उठू लागेल, तेव्हा "थांब, दुसऱ्या नावाने पाहू" असे म्हणणारे कोणीतरी तेथे असले पाहिजे.