ठिपक्यांचा ग्रंथ

१९६२ सालीं फ्रँकलिन पेरिंग व मॅक्स वॉल्टर्स यांनीं संपादिलेला ब्रिटिश वनस्पतींचा नकाशासंग्रह हा वाचावयाचा नव्हे, पाहावयाचा ग्रंथ आहे. देशाचे १० किलोमीटर बाजूचे चौरस पाडून, बहुतांशीं हौशी स्वयंसेवकांनीं केलेल्या नोंदी येथें ठिपक्यांनीं दाखविल्या आहेत. भरींव ठिपका १९३० नंतरची नोंद सांगतो, पोकळ तत्पूर्वीची. योजना साधी, पण मार्मिक. कॉर्नकॉकलसारख्या शेतांतील फुलझाडाचा ऱ्हास शोकगीतावांचून डोळ्यांपुढें उभा राहतो. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. चौरसांत रोप एक असो वा हजार, ठिपका एकच. अस्तित्व कळतें, विपुलता कळत नाहीं. आणि रक्षणाची निकड तर विपुलता घटूं लागतांच उत्पन्न होते. तरीहि नोंदीवांचून रक्षण आंधळें, हें या ग्रंथानें निर्विवाद दाखविलें आहे.