हॉट पिक्सेल काढताना तारेही जातात

‘हॉट पिक्सेल सॉफ्टवेअर काढतं, डार्क फ्रेम कशाला?’ हे तुम्हीही ऐकलं असेल. मला पटत नाही. 2004 चा निकॉन डी70 बघा. लांब एक्स्पोजरमध्ये शेजाऱ्यांपेक्षा फारच उजळ पिक्सेल दिसला, की कॅमेरा तो रॉ फाइलमध्येच दाबून टाकायचा; त्यात बारीक तारेही जायचे. मग लोक नॉइज रिडक्शन चालू ठेवून, एक्स्पोजर संपताच कॅमेराच बंद करायचे, की न गाळलेली फाइल मिळायची. (जुगाडच!) ताऱ्याची तेजस्विता मोजणार असाल, तर गेलेला तारा परत आणता येत नाही.

डार्क फ्रेम अंदाज बांधत नाही, मोजते: लेन्स झाकलेली, तापमान, वेळ, आयएसओ तेच. एकीवर भागवू नका, तिचा स्वतःचा नॉइज फोटोत उतरतो. वीसेक घ्या. शिवाय दोन फ्रेममध्ये दुर्बीण किंचित सरकवा. फोटोत तारे सरकतील, हॉट पिक्सेल जागचा हलणार नाही.