‘लॉफुल’ म्हणजे नक्की काय? एका खेळातली व्याख्या तपासून बघू

पीएचडीच्या इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येतो: ‘तुम्ही हा जो शब्द वापरताय, त्याची व्याख्या काय?’ त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न जास्त अवघड असतो: ‘ही व्याख्या हातात देऊन दोन वेगळ्या माणसांना तपासायला बसवलं, तर उत्तर एकच येईल का?’ आज हे दोन्ही प्रश्न आपण एका खेळाला विचारू.

खेळ आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, डंजन मास्टर गोष्ट पुढे नेतो आणि पात्राच्या माहितीत ‘अलाइनमेंट’ नावाचा एक रकाना असतो. त्यात लिहायचं की हे पात्र लॉफुल आहे, न्यूट्रल आहे की केऑटिक.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला १९७४ साली. तेव्हा लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच गट होते. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून ही कल्पना आलेली. तिथे लॉ आणि केऑस या विश्वातल्या दोन शक्ती आहेत, आणि त्यांचं युद्ध चालू आहे. म्हणजे ‘लॉफुल’चा अर्थ साधारण ‘तू कुठल्या बाजूचा?’ असा होता. स्वभावाशी त्याचा फार संबंध नव्हता. व्याख्या म्हणून हे ढोबळ आहे, पण मला ते प्रामाणिक वाटतं. सैनिक कुठल्या फौजेचा हे गणवेशावरून कळतं, त्यात वाद होत नाही.

पुढे १९७६ च्या फेब्रुवारीत गायगॅक्सने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला आणि चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकपर्यंत त्याचे नऊ चौकोन झाले होते: लॉफुल गुडपासून केऑटिक इव्हिलपर्यंत.

इथे थांबा. आलेखावर दोन अक्ष काटकोनात काढणं ही नुसती चित्रकला नसते. त्यात एक दावा असतो, की एका अक्षावरची जागा कळली तरी दुसऱ्या अक्षावरची ओळखता येणार नाही. म्हणजे नियमाने वागणारा माणूस चांगलाच असेल असं नाही. मला हा दावा खरंच आवडतो. खेळातले डेव्हिल लॉफुल इव्हिल आहेत: करार अक्षरशः पाळतात आणि त्या करारानेच माणसाला बुडवतात. असा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिलेला असतो!

अडचण वेगळीच आहे. लॉच्या अक्षावर नेमकं मोजतोय काय? या शब्दाचं मराठी करून बघा. ‘कायदा पाळणारा’ म्हणाल, ‘शिस्तीचा’ म्हणाल, ‘शब्दाला जागणारा’ म्हणाल की ‘परंपरेला धरून चालणारा’? ही चार वेगळी माणसं आहेत. शब्दाला जागणारा माणूस राजाचा कायदा बिनदिक्कत मोडेल. कायदा पाळणाऱ्याचं घर अस्ताव्यस्त असू शकतं. आपल्याकडे चार शब्द आहेत म्हणून हा फरक चटकन दिसतो, एकाच शब्दात तो झाकला जातो.

याचा पुरावा खेळाच्या नियमांतच सापडतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत लॉच्या वर्णनात सन्मान, भरवसा, अधिकाऱ्यांची आज्ञा आणि परंपरेला चिकटून राहणं हे सगळं एकत्र येतं. त्याच पुस्तकात मंक हा लॉफुलच असला पाहिजे, का तर त्याला शिस्त लागते. आणि बार्बेरियन लॉफुल असूच शकत नाही. आता टोळीत वाढलेला, पूर्वजांच्या रीती काटेकोर पाळणारा, दिलेल्या शब्दासाठी जीव देणारा बार्बेरियन घ्या. चारपैकी दोन अर्थांनी तो मंकपेक्षाही लॉफुल आहे. पण लढताना बेभान होतो, म्हणून बाद. म्हणजे मंकला एक पट्टी लावली आणि याला दुसरी. दोन्ही पट्ट्यांवर नाव मात्र एकच.

‘खेळच तर आहे’ असं म्हणू नका, कारण या शिक्क्याला किंमत होती. त्या आवृत्तीत बार्बेरियन लॉफुल झाला तर त्याचं बेभान होणं बंद. पॅलाडिन लॉफुल गुड राहिला नाही तर त्याच्या शक्ती गेल्या. ठरवणार कोण? टेबलावरचा एकटा डंजन मास्टर. महिनोन्‌महिने खेळून वाढवलेलं पात्र एका धूसर शब्दापायी लंगडं होतं, तेव्हा भांडण होणारच.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने यावर कात्री चालवली. लॉफुल गुड, गुड, अनअलाइन्ड, इव्हिल, केऑटिक इव्हिल, एवढे पाचच प्रकार ठेवले. म्हणजे दोन अक्षांची जवळपास एक रेघ झाली, आणि लॉफुल हे चांगुलपणाचं वरचं टोक होऊन बसलं. डेव्हिलसुद्धा नुसते इव्हिल झाले. वाद मिटवायचा म्हणून सगळ्यात मोलाचा दावाच काढून टाकला, असं माझं मत. डेटा नीट बसत नाही म्हणून व्हेरिएबलच गाळण्याचा हा प्रकार झाला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ प्रकार परत आले, आणि अलाइनमेंट चुकली म्हणून वर्गाच्या शक्ती जाण्याची अट गेली. पण लॉफुल न्यूट्रलच्या वर्णनात कायदा आणि परंपरेच्या जोडीला ‘स्वतःची नियमावली’ही बसली. मग लॉफुल कोण नाही? मनाला येईल तसं वागणारा म्हणेल, ‘मनाला येईल तसं वागायचं, हीच माझी नियमावली.’ व्याख्येतून कोणी बाहेरच पडत नसेल, तर ती काही सांगतच नाही.

मी डंजन मास्टर असेन तर खेळाडूला रकान्यात एक शब्द लिहू देणार नाही, तीन प्रश्नांची उत्तरं खेळ सुरू व्हायच्या आधी मागेन. तुझं पात्र नेमका कुठला नियम मानतं? तो मोडण्यात फायदा असेल आणि बघणारं कोणी नसेल, तर ते काय करेल? आणि काय केलं तर तू स्वतः म्हणशील की आता हे लॉफुल राहिलं नाही? तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते आधीच लिहून घ्यायचं. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या मुख्य शब्दाला हेच तीन प्रश्न गाईडकडे जाण्याआधी विचारून बघा. तिसऱ्याला पेन थांबलं, तर त्या शब्दाच्या पोटात किती शब्द आहेत ते आधी मोजा.