कात्रीने घडविलेली क्रांती

1919 च्या ऑगस्टमध्ये लेनिनच्या फर्मानाने रशियातील चित्रपटव्यवसाय सरकारजमा झाला, तेव्हा त्या मालमत्तेत कोरी फिल्म मात्र जवळजवळ नव्हती. यादवी युद्धाने असा दुष्काळ पाडला असता मॉस्कोच्या नव्या चित्रपटविद्यालयात कुलेशोव्ह आणि त्याचे शिष्य हाती आलेले जुने चित्रखंड तोडून पुन्हा निराळ्या क्रमाने जोडू लागले, आणि दृश्याचा अर्थ त्या दृश्यात असतो त्याहून अधिक त्याच्या मागल्यापुढल्या दृश्यांत असतो, हे तत्त्व त्यांना गवसले. सोव्हिएत मूकपटाची थोरवी आणि त्याचे वैगुण्य, दोन्हींचे मूळ या एकाच तत्त्वात आहे.

आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये (1925) जहाजावरचा डॉक्टर आपला नाकावरचा चष्मा दुमडून त्याच्या भिंगातून मांस न्याहाळतो, अळ्या वळवळताना प्रेक्षकांना स्वच्छ दिसत असतानाही मांस निर्दोष ठरवतो, आणि खलाशांच्या बंडानंतर तोच चष्मा जहाजाच्या दोरांत लोंबकळताना दिसतो. एका राजवटीची संपूर्ण कैफियत दोन काचांत मांडण्याचे हे सामर्थ्य असामान्य होय. परंतु ओडेसाच्या पायऱ्यांवरील ज्या हत्याकांडाने हा पट जगभर गाजला ते त्या स्वरूपात तेथे घडलेच नव्हते, आणि खऱ्या पोटेमकिनला शेवटी रुमानियात शरण जावे लागले याचा पटात उल्लेखही नाही. कवीला एवढी मुभा असावी, हे मान्य. मात्र ती कोणाच्या सोयीने घेतली जाते, हा प्रश्न उरतोच.

पुदोव्हकिनने समुदायाऐवजी एक चेहरा निवडला. 'मदर'मधील (1926) भाबडी आई अधिकाऱ्यांच्या वचनावर विसंबून जमिनीखाली दडविलेली शस्त्रे स्वतःच दाखवून देते आणि मुलाला तुरुंगात धाडते. तिचे परिवर्तन या अपराधातून होत असल्यामुळे तिच्या हाती आलेला झेंडा प्रचाराचा वाटत नाही. उलट क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी सरकारने करवून घेतलेल्या आयझेनस्टाइनच्या 'ऑक्टोबर'मध्ये हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की एकेका पदवीसरशी तोच जिना पुनःपुन्हा चढतो, हा उपहास कितीही तल्लख असला तरी, क्रांतीचा नेता ट्रॉट्स्की पक्षातून दूर केला जाताच त्याची बहुतेक दृश्ये कापली जाऊन पट उशिरा, 1928 मध्ये, पडद्यावर आला, हे विसरता येत नाही. अर्थ घडविणारी कात्री येथे दप्तर दुरुस्त करू लागली होती.

म्हणूनच एस्फिर शूब हिचा 'रोमानोव्ह घराण्याचा अस्त' (1927) मला या परंपरेतील सर्वांत मर्मग्राही पट वाटतो. तिने नवे नाट्य फारसे रचलेच नाही. झारच्या छायाचित्रकारांनी टिपलेले चित्रखंडही तिने धुंडाळून मिळविले, आणि जहाजावर नाचून घामाघूम झालेल्या सरदारमंडळींना राबणाऱ्या कुळांच्या घामाशेजारी बसविले. दरबाराने स्वतःच्या गौरवार्थ काढवून घेतलेली चित्रे अशी दरबाराविरुद्धच साक्ष देऊ लागली.

1934 मध्ये समाजवादी वास्तववाद हे कलेचे अधिकृत धोरण ठरल्यावर या प्रयोगांवर 'रूपवादा'चा ठपका आला, आणि त्यांची दुर्बोधता हे कारण पुढे करण्यात आले. कारण तेवढेच नसावे. सत्ताधीशांची चित्रे त्यांच्यावरच उलटविण्याची विद्या ज्यांनी पोसली, ते स्वतः सत्ताधीश झाल्यावर तिच्याकडे निर्धास्त मनाने पाहू शकले नसावेत.