जात विचारणारे नगर

यंत्रयुगाच्या नगरात जात विरघळते, हे गृहीत बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेपुढे टिकत नाही. रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात आलेला नायक खोली शोधतो, तेव्हाच जातीचा प्रश्न येतो आणि तो उत्तर टाळतो. त्याच्या काव्यावर लुब्ध झालेला रामचरण तिवारी त्यास सन्मानाने घरी जेवावयास नेतो. जात उघड होताच मारहाण होते. वाचकाचे लक्ष साहजिकच मारहाणीकडे जाते. वस्तुतः कथेचे मर्म त्या जेवणात आहे. तेथील आदर खरा आहे. पण तो नायकाचा नसून त्याच्या कल्पित जातीचा आहे.

यात अतिशयोक्ती नाही. मुंबईच्या गिरण्यांत अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे निमित्त! १९२८च्या संपकाळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता.

औशाहून पुण्या-मुंबईस जाणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने वाचल्यास खोलीचा तो शोध कथेची केवळ प्रस्तावना उरत नाही. शेवटचा भडकपणा मात्र थोडा कमी चालला असता.