चलच्चित्रावरील मराठी अक्षर : फॉन्ट बसविणे व काढणे यांची चिकित्सा

ग्रंथातील मराठी अक्षराचा विचार आपल्याकडे झालेला आहे. बापूराव नाईकांनी भारतीय ग्रंथमुद्रणाचा इतिहास लिहिला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर मुद्रणालयाची अक्षरे अभ्यासकांना अपरिचित नाहीत, आणि शिलाछापाकडून खिळ्याकडे झालेला प्रवास पदव्युत्तर वर्गात शिकविलाही जातो. पडद्यावर क्षणभर उमटून नाहीसे होणारे अक्षर मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले आहे. चित्रफितीतील नामावली, खालची भाषांतरपट्टी, लग्नाच्या चित्रीकरणाच्या आरंभी येणारे वधूवरांचे नाव, हे सारे तंत्रज्ञाच्या हातचे काम होय आणि त्यासाठी संगणकात कोणता फॉन्ट बसविला व कोणता काढला ही केवळ दुकानदारीची बाब होय, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. कारण या बसविण्या-काढण्याच्या व्यवहारातच मराठी मजकूर हा मजकूर राहतो की नुसते चित्र होतो, याचा निर्णय होत असतो.

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे या गावाचे नाव या चिकित्सेला उत्तम कसोटी पुरविते. बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यान लोहमार्गावर असलेल्या या तालुक्याच्या गावाने स्थानकाची ओळख आपल्या नावातच धारण केली आहे. नावाचा पूर्वार्ध 'धामणगाव' यात एकही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटीही नाही. उत्तरार्ध 'रेल्वे' यात 'ल' आणि 'व' यांचा संयोग असून त्यावर मात्रा आहे. देवनागरीची जाण नसलेल्या चित्रसंपादनाच्या प्रणालीत हे नाव टंकित केले, तर पूर्वार्ध धडधाकट उमटतो आणि उत्तरार्ध मोडतो. 'ल'च्या पायाशी हलन्ताची शेपटी लोंबत राहते आणि 'वे' शेजारी सुटा उभा राहतो. त्याच पडद्यावर 'चि.' लिहिले असता वेलांटी 'च'च्या आधी न येता नंतर येते, आणि 'शुभविवाह' हा शब्द तर वाचणाऱ्याला अडखळवितो. प्रदेशाचे नाव घालावे तर अडचण वाढते. 'वऱ्हाड' या शब्दातला 'ऱ्ह' हा मराठीचा खास विशेष आहे. हिंदीला त्याची गरज नसल्याने हिंदीपुरत्या रचलेल्या कित्येक अक्षरसंचांत पापणीसारखा तो आडवा रकार आढळतच नाही, आणि मग नाइलाजाने रफार देऊन 'वर्हाड' असे लिहिले जाते. हा नुसता लेखनदोष नव्हे. आचार्यांचे आभार मानणे आणि आचाऱ्यांचे आभार मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाच्या चित्रफितीत दोन्ही प्रसंग येऊ शकतात.

असे का होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हाताने जुळणी करणाऱ्या जुळाऱ्याच्या पुढ्यात असलेल्या खणांत देवनागरीचे शेकडो खिळे असत. जोडाक्षर हा एक तर स्वतंत्र खिळा असे, नाही तर दोन-तीन खिळे जोडून ते साधावे लागे. संगणक आला तेव्हा आरंभीच्या फॉन्टांना एकूण २५६ स्थानांत, आणि त्यांतूनही राखीव स्थाने वगळून, सारा संसार मांडावा लागला. त्यावर काढलेली युक्ती अशी की, इंग्रजी अक्षरांच्या स्थानीच मराठी अक्षरांचे तुकडे बसवावयाचे. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे अनेक संच, सी-डॅकचे काही जुने संच, हे सारे या वर्गातले. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'जे'च्या स्थानी 'र', 'के'च्या स्थानी काना आणि 'ई'च्या स्थानी 'म' असतो. म्हणजे पडद्यावर 'राम' दिसत असला तरी संगणकाच्या स्मृतीत असतात ती जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे. वेलांटी येथे अक्षराच्या आधी टंकावी लागते, कारण ती दिसते आधी. उच्चारात ती नंतर येते याच्याशी या व्यवस्थेला कर्तव्य नाही. जुळाऱ्याची दृष्टीच येथे यंत्रात उतरली आहे असे म्हणता येईल. फरक इतकाच की जुळाऱ्याच्या हातातला खिळा 'र'चाच होता, 'जे'चा नव्हता.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीला स्वतःची १२८ स्थाने मिळाली. यात स्मृतीत राहतो तो वर्णक्रम, आणि दृश्य रूप देण्याचे काम फॉन्टमधील कोष्टके व प्रणालीतील अक्षररचनेचे यंत्र ही दोघे मिळून करतात. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. त्यामुळे कार्यालयीन लिखाणात युनिकोड रुळण्याचा मार्ग मोकळा झाला. चित्रसंपादनाच्या क्षेत्रात मात्र तसे घडले नाही. त्या प्रणाली रोमन लिपी समोर ठेवून घडविल्या होत्या. त्यांतील अक्षररचनेचे यंत्र देवनागरीची कोष्टके वाचतच नसे. परिणाम असा उलटा झाला की शुद्ध युनिकोड मजकूर पडद्यावर विद्रूप दिसू लागला आणि स्मृतीत निरर्थक असलेला जुन्या फॉन्टचा मजकूर पडद्यावर सुबक दिसू लागला. अडोबी प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या पसंतींत जाऊन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडला म्हणजे 'रेल्वे' नीट जुळते. परंतु ही निवड कोठे दडली आहे हे ज्याला कोणी सांगितले नाही, त्याने जुना फॉन्ट बसवून आपले काम भागविले तर त्याला दोष देणे न्याय्य होणार नाही. युनिकोडचा पुरस्कार करणाऱ्यांच्या लिखाणात हा समजूतदारपणा अनेकदा दिसत नाही. ते गावोगावच्या चित्रीकरणवाल्यांना अडाणी ठरवितात. वास्तविक त्या कारागिरांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि डोळ्यांना जे बरोबर दिसले ते स्वीकारले.

फॉन्ट बसविण्याची कृती वरवर पाहता क्षुल्लक आहे. फायलीवर उजवी कळ दाबावी, बसविण्याचा पर्याय निवडावा, चित्रसंपादनाची प्रणाली बंद करून पुन्हा उघडावी. प्रणाली फॉन्टांची यादी बहुधा आरंभीच वाचून ठेवीत असल्याने ही शेवटची पायरी टाळता येत नाही. विंडोज १० च्या २०१८ मधील सुधारणेपासून साध्या पर्यायाने बसविलेला फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्याच्या खात्यात जातो. काही प्रणाली तेथे पाहतच नाहीत, म्हणून सर्व वापरकर्त्यांसाठी बसविण्याचा पर्याय घ्यावा लागतो. मॅकवर हेच काम फॉन्ट बुक करते. इतके सांगितले की तांत्रिक भाग संपतो.

त्यानंतर निवडीचा प्रश्न येतो, आणि येथे समीक्षेला वाव आहे. एका पेनड्राइव्हवरून पाचशे फॉन्ट एकदम बसविले जातात आणि यादी चाळताना जो डोळ्यांत भरेल तो घेतला जातो. ही पारख स्थिर पडद्यावर होते, प्रत्यक्षात मात्र अक्षर हलत्या चित्रावर बसावयाचे असते. देवनागरीची शिरोरेषा ही आडवी रेषा आहे. तिची जाडी फार कमी असली तर एकाआड एक ओळी रंगविणाऱ्या जुन्या प्रक्षेपणपद्धतीत ती लुकलुकते, आणि फाईल लहान करताना होणाऱ्या दाबणुकीत ती तुटक होते. ग्रंथात शोभणारे नाजूक बोरूचे वळण म्हणूनच पडद्यावर फसते. दुसरा दोष तयार साच्यांतून येतो. हे साचे रोमन अक्षरासाठी केलेले असतात. अक्षरांत अंतर वाढविले की रोमन शीर्षक ऐसपैस दिसते, देवनागरीची शिरोरेषा मात्र तुकड्यातुकड्यांची होते. एकेक अक्षर उमटत जाणारी टंकलेखकी करामत लावली की आधी 'व', मग त्यावरची मात्रा असा विचित्र क्रम डोळ्यांसमोर येतो. रोमनचा घटक एक वर्ण आहे, देवनागरीचा घटक स्वरासह पूर्ण झालेले अक्षर आहे. मराठीच्या व्याकरणाने जे पूर्वीच सांगून ठेवले आहे, ते या साच्यांच्या रचनाकारांना ठाऊक नाही.

वळणाचाही प्रश्न आहे. 'श' आणि 'ल' यांची मराठी रूपे हिंदी रूपांहून निराळी आहेत. राज्य शासनाने २०२२ साली देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' यांना मान्यता दिली. काही नव्या फॉन्टांत दोन्ही रूपे असतात व मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले की योग्य ते रूप पुढे येते. पण चित्रसंपादनाच्या प्रणालीत मजकुराला भाषा नेमून देण्याची सोय क्वचितच हाती लागते. शेगावच्या पालखीच्या चित्रफितीत हिंदी वळणाचा 'श' दिसतो तो निष्काळजीपणामुळेच असे नव्हे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टात 'ॲड.' लिहिले तर वकिलांच्या नावापुढे रिकामा चौकोन उमटू शकतो. मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' यांसारखे संच मुक्त परवान्याने मिळत असताना परवान्यावाचून फिरणारे जुने संच का वापरावेत, असे विचारले जाते. वाजवी प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा सवय हेच आहे, आणि जुने काम पुन्हा उघडण्याची गरज हे त्याहून खरे उत्तर आहे.

या गरजेपाशी फॉन्ट काढण्याचा प्रश्न सुरू होतो. शेकडो फॉन्ट साठले की प्रणाली उघडण्यास विलंब होतो, एकाच नावाच्या दोन आवृत्त्या परस्परांच्या आड येतात, मग केव्हा तरी सफाई केली जाते. पूर्ण होऊन बाहेर पडलेल्या चित्रफितीला याने काही होत नाही, कारण तेथे अक्षर चित्रात मुरलेले असते. संपादनाची मूळ फाईल मात्र निराळी. तिच्यात फॉन्ट नसतो, फॉन्टचे केवळ नाव असते. फॉन्ट काढून टाकल्यावर ती उघडली की प्रणाली दुसरा एखादा फॉन्ट त्या जागी लावते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर वळण बदलते, क्वचित जागा कमीजास्त होते, पण 'धामणगाव रेल्वे' हे धामणगाव रेल्वेच राहते. मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर रामाच्या जागी जे-के-ई उरते. फॉन्टाबरोबर भाषाच निघून जाते. त्यातही जुन्या संचांची स्थाने परस्परांशी जुळत नसल्यामुळे, मूळ संच कोणता होता हे न कळल्यास त्या इंग्रजी अक्षरांचा उलगडा करणे हे जवळजवळ लिपिवाचनाचे काम होऊन बसते.

खिळ्यांच्या काळाशी तुलना केली असता या हानीचे स्वरूप स्पष्ट होते. पुस्तक छापून झाले की जुळणी मोडून खिळे आपापल्या खणांत परत टाकले जात. झिजले तर वितळवून पुन्हा ओतले जात. ही मोडतोड निर्धास्तपणे करता येई, कारण मागे छापील कागद राही आणि तो वाचून दुसरी आवृत्ती कोणालाही जुळविता येई. चित्रफितीवरही अक्षर दिसते, हे खरे. पण नामावली चार क्षणांत वर सरकून जाते, भाषांतरपट्टी दोन क्षणांत बदलते, आणि वऱ्हाडी बोलीतील एखाद्या वृद्धेच्या मुलाखतीखाली घातलेला दीड तासाचा मजकूर परत मिळवावयाचा तर तो पडदा थांबवून थांबवून पुन्हा उतरून घ्यावा लागतो. 'डोळा'चा 'डोया' करणाऱ्या, 'काऊन' विचारणाऱ्या या बोलीची अशी लेखी रूपे अभ्यासकाला मोलाची आहेत. ती शोधाच्या खिडकीत शब्द घालून सापडली पाहिजेत. जुन्या फॉन्टात बसविलेल्या फायलीत 'वऱ्हाड' हा शब्द शोधला तर तो एकदाही सापडणार नाही, मग पडद्यावर तो शंभर वेळा येत असला तरी.

युनिकोडमध्येही ही बाजू सर्वस्वी निर्धोक आहे असे मानण्याचे कारण नाही. 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन रीतींनी लिहिता येते, एक नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून आणि दुसरी साध्या 'र'ला हलन्त व अदृश्य सांधक जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला मात्र भिन्न. तो अदृश्य सांधक नकल करताना कोठे गळला तर पुन्हा रफार उमटतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. पण ही चूक दुरुस्त करता येण्याजोगी आहे, कारण मजकूर अद्याप मराठीतच आहे.

अनुभवी संपादक फॉन्ट काढण्यापूर्वी कोणत्या कामात कोणता संच वापरला आहे याची नोंद करतात, परवाना अनुमती देत असेल तेथे फॉन्टची प्रत मूळ फायलींच्या शेजारीच ठेवतात, आणि पडद्यावरचा सारा मजकूर युनिकोडमध्ये एका साध्या फायलीत वेगळा जपतात. तिसरी गोष्ट सर्वांत कमी केली जाते. बोलीचे चित्रमुद्रण हाती घेणाऱ्या विद्यापीठीय विभागांनीही ती अट म्हणून घातल्याचे सहसा आढळत नाही. चित्रफीत जमा करून घेतली जाते, तिची लांबी व दिनांक नोंदला जातो, आणि खालच्या पट्टीतील मराठी कोणत्या फॉन्टात जुळविली होती हे त्या नोंदीत नसते.